चांदीच्या रुपयावरची खोड टाकसाळीतली की नंतरची?

निपाणीहून तुम्ही आजीच्या पेटीतल्या पाच रुपयांचे फोटो आणि वजनं पाठवलीत आणि विचारलंत की यातले 'एरर' किती आणि नुसते खराब झालेले किती. एका एजंटानं फोटो बघूनच पाचही एरर ठरवले, लाखांत किंमत सांगितली आणि विक्रीआधी 'नोंदणी फी' मागितली, असंही लिहिलंत. फीचं आधी सांगतो: एक पैसा देऊ नका. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये निवेदन काढून स्पष्ट केलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांत बँक पडत नाही, कसली फी किंवा कमिशन घेत नाही आणि तसा अधिकार कुणाला दिलेलाही नाही. खरा गिऱ्हाईक नाणं हातात घेऊन बघतो आणि पैसे तो देतो, तुमच्याकडून मागत नाही.

आता नाणी. पाचांतला एकच रुपया मी खात्रीनं टाकसाळीतला दोष म्हणेन. दोनांवर नंतर घाव पडलेत. एकाचा निकाल या फोटोंवरून लागत नाही. आणि पाचवा, ज्याला तुम्ही 'अर्धवट छापलेला' म्हणता, त्याला हा प्रश्नच लागू होत नाही. तो वेगळ्या घरचा आहे.

कळदार, म्हणजे यंत्रावर पाडलेला, रुपया कसा तयार व्हायचा ते डोळ्यांसमोर ठेवलं की निम्मं काम होतं. चांदीच्या पट्टीतून गोल चकत्या कापायच्या, त्यांची कड जरा उचलून घ्यायची, मग एकेक चकती दोन ठशांच्या मध्ये आणि भोवती पोलादी कॉलर, आणि एकच दाब. त्या एका दाबात राणीचं तोंड, मागची वेलबुट्टी आणि कडेचे दाते तिन्ही उमटतात. म्हणजे रुपयावरची प्रत्येक खूण या तीनपैकी एका वेळची असते: चकतीतच होती, दाबाच्या क्षणी झाली, किंवा रुपया टाकसाळीच्या दाराबाहेर पडल्यावर झाली. पहिल्या दोन वेळांना एरर म्हणायचं. तिसऱ्या वेळेला, ती कितीही विचित्र दिसो, इजा म्हणायचं.

ओळखायचं कसं? मी एकच प्रश्न धरून बसतो: इथला धातू कुठं गेला, किंवा इथं जास्तीचा आला कुठून? चांदी हवेत विरत नाही. दाबाखाली ती ठशाच्या खोलगट भागांत वाहत जाते आणि जिथं वाहते तिथं तिच्या अंगावर एकसंध चकाकी राहते. नंतर कुणी टोचलं, ठोकलं, खरवडलं तर ती बाजूला सरकते आणि खाचेच्या काठावर बांध घालून बसते. तो बांध दिसला की पुढं वाद घालायचं कारण उरत नाही.

पहिला रुपया, 1862 चा राणीछाप, वजन 11.52 ग्रॅम. हनुवटीखालून निघून अक्षरांमधून कडेपर्यंत गेलेली नागमोडी रेघ तुम्हाला 'चीर' वाटली. ती चीर नाही, उंचवटा आहे. ठसा पोलादाचा असला तरी हजारो वेळा आपटून त्याला तडा जातो. त्या तड्यात चांदी शिरते आणि रुपयावर बारीक उभार रेघ उमटते. ठशात जे खोल ते नाण्यावर उंच, हे पक्कं लक्षात ठेवा. ओरखडा नेहमी खोल असतो, तड्याची रेघ नेहमी उंच. तुमच्या रुपयावर ती रेघ अक्षराच्या पायातून जाते आणि अक्षर कुठं मोडत नाही, तुटत नाही. दोन्ही एकाच चांदीचे आहेत. शिवाय रेघेचा माथा जिथं झिजलाय तिथं राणीचा गालही तेवढाच झिजलाय. दोघांनी एकाच वयाची झीज खाल्लीय. हे मला फार पटणारं लक्षण आहे. नंतर केलेली कुठलीही करामत आजूबाजूच्या झिजेशी वयानं जुळत नाही.

फोटोत मात्र डोळा फसतो. उजेड कुठून येतोय ते कळलं नाही तर उंच रेघ खोल दिसते आणि खोल रेघ उंच. म्हणून रुपया काळ्या कापडावर ठेवा, खोलीतला दिवा घालवा आणि मोबाईलची बॅटरी डाव्या बाजूनं, जवळजवळ टेबलाला टेकवून धरा. उंच रेघेची उजेडाकडची बाजू चमकते आणि सावली पलीकडे पडते. खोल रेघेत उलट होतं: उजेडाकडचा काठ काळा आणि पलीकडची भिंत उजळ. मग रुपया हातानं फिरवा, बॅटरी तशीच राहू दे. दहापट भिंग असेल तर उत्तम. सराफ कट्ट्यावर कुणाकडंही मिळेल, मिनिटभर मागून घ्या.

1862 च्या रुपयांवर तडे बरेच सापडतात, कारण हे साल गोठवलेलं होतं. 1874 पर्यंत काढलेल्या रुपयांवरही 1862 हेच साल घातलं जायचं. म्हणजे एका सालाखाली बारा वर्षांचा माल आहे. तेव्हा तुमचा दोष खरा आहे, पण दुर्मिळ नाही. जाणकार हौशी थोडं जास्त देईल, इतकंच. त्यापेक्षा मागच्या बाजूला सालाखाली आणि फुलांच्या वरखाली बारीक ठिपके आहेत का ते मोजा. त्या ठिपक्यांच्या मांडणीवरून जाणकार नेमकं वर्ष काढतात आणि काही मांडण्यांना तड्यापेक्षा कितीतरी जास्त मागणी असते.

दुसरा, 1885 चा. एजंटानं 'लाखी' म्हटलेला हाच. लाखी म्हणजे काय ते आधी नीट घ्या. एक रुपया छापून झाला पण ठशालाच चिकटून राहिला, बाहेर पडला नाही. त्यावर पुढची चकती आली. आता तिच्या एका अंगाला खरा ठसा भिडतो आणि दुसऱ्या अंगाला तो चिकटलेला रुपया. त्यामुळं एका बाजूला राणी नेहमीसारखी उभार आणि दुसऱ्या बाजूला तीच राणी खोल आणि उलटी, आरशात पाहावी तशी. अशा रुपयाला खरोखर मान आहे आणि किंमतही आहे. म्हणूनच तो बनवणारेही आहेत.

खऱ्या लाखीची मागची बाजू संपूर्ण राणीचीच असते. तिथं 'वन रुपी', वेलबुट्टी, साल यातलं काहीही असूच शकत नाही, कारण मागचा ठसा त्या चकतीला शिवलेलाच नाही. तुमच्या रुपयावर खोल गेलेल्या राणीच्या नाकाखाली मला 'रुपी'तलं अक्षर दिसतंय, चपटं झालेलं पण शाबूत. म्हणजे तो रुपया आधी रीतसर दोन्ही बाजूंनी छापला गेला, मग कुणीतरी त्यावर दुसरा राणीछाप पालथा ठेवून शिकंज्यात आवळला किंवा हातोडीनं ठोकला. पुढची बाजू पाहा. राणीचा मुकुट, गाल, खांद्यावरची नक्षी, जे जे उंच होतं ते सपाट होऊन एका पातळीत चमकतंय. झिजेनं असं होत नाही. झीज गोलसर करते, शिकंजा इस्त्री फिरवतो. आणि कडेचे दाते दोन ठिकाणी दबून एकमेकांत मिसळलेत, तिथं जबड्याची पकड होती.

असं आणखी एखादं नाणं समोर आलं तर आकार मोजा. चिकटलेल्या रुपयावर छापलेली पहिली लाखी खोल बाजूलाही पूर्ण, मधोमध आणि रेखीव असते. तो चिकटलेला रुपया पुढं दाबाखाली पसरत जातो तशी प्रतिमा मोठी आणि पुसट होते. पण दोन्ही बाबतींत उभार बाजू मात्र ठणठणीत राहते, कारण तिकडचा ठसा तोच आहे. एक बाजू ठेचलेली आणि दुसरी बाजू दुहेरी, ही जोडी दिसली की तो रुपया लाखी म्हणून घेऊ नका.

तिसरा, 1907 चा, एडवर्डचा. त्याच्या डोक्याच्या बरोबर वर कडेला एक गाठ आहे आणि तुम्ही विचारलंत की ठशाचा तुकडा उडाल्यामुळं अशी गाठ येते का. येते. ठशाची कड फुटून तुकडा निघाला तर त्या खळग्यात चांदी भरते आणि रुपयावर गुळगुळीत, आकारहीन उंचवटा येतो. पण तो दाबाच्या क्षणी येतो आणि धातू मोजका असतो. इकडं जास्त चांदी वाहिली की नाण्याच्या पाठीवर नेमकी त्याच जागी चांदी कमी पडते आणि तिथली नक्षी पुसट उमटते. तुमच्या रुपयाची पाठ त्या जागी कशी आहे? मुकुटावरची बारीक टिंबंसुद्धा मोजता येतात. म्हणजे गाठीची चांदी रुपयातून आलेली नाही, बाहेरून आलीय.

बाहेरून म्हणजे सोनाराच्या डाखातून, जोड देताना वितळवून लावतात त्या धातूतून. आपल्या भागात हे मी सगळ्यात जास्त पाहतो. बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी, कुठंही जा, चांदीचा रुपया गल्ल्यात कमी आणि गळ्यात जास्त राहिलाय. कुणी माळेत ओवला, कुणी कंबरपट्ट्याला लावला, लमाणी बायकांच्या दागिन्यांत तर रुपये आणि अधेल्या (अर्ध्या रुपयाची नाणी) सर्रास. त्यासाठी कडेला कडी जोडायची, आणि गळ्यात राजाचं तोंड सरळ दिसावं म्हणून ती बरोबर डोक्यावर यायची. पुढं पैशाची नड आली किंवा दागिना मोडला की कडी काढली, कानस मारली, डाखाचा डाग मात्र राहिला. म्हणून गाठ, चट्टा, सपाट झालेले दाते राजाच्या डोक्यावर नेमके घड्याळातल्या बाराच्या जागी असले तर नव्वद टक्के उत्तर तिथंच मिळालं म्हणायचं. उरलेलं भिंगानं मिळतं: डाखाचा रंग मूळ चांदीपेक्षा पिवळट किंवा राखी, तो काळाही वेगळ्या चालीनं पडतो, आणि त्याच्या काठाशी दाते अचानक गायब. कधी कधी भोक पाडून ते नंतर बुजवलेलं असतं. तेव्हा गाठ दोन्ही बाजूंना समोरासमोर येते.

दागिन्याच्या आणखी खुणा सांगून ठेवतो, कारण पेटीत अजून रुपये असतील तर उपयोगी पडतील. कोंदणात बसवलेल्या रुपयाची कड चौफेर आत वळते, जाड होते आणि व्यास कमी भरतो, वजन मात्र पूर्ण. लोक त्याला 'लहान चकतीचा रुपया' समजतात. सोन्याचा मुलामा दिलेल्या रुपयाच्या अक्षरांच्या बेचक्यांत पिवळेपणा उरतो आणि त्याला 'चुकीच्या धातूवर छापलेला' म्हणून विकायला आणतात. डाख देताना जास्त तापलेल्या रुपयाच्या अंगावर फोड येतात. चकतीतला दोष असता तर फोडाच्या जागी पापुद्रा सुटतो, एका दिशेनं आडवा, पट्टी लाटली गेली त्या दिशेनं. तापलेल्या फोडाला दिशा नसते. हा पापुद्र्याचा दोष खराखुरा पाहायचा असेल तर 1940 ते 1945 चे रुपये पाहा. त्यांत चांदी निम्मीच आहे, बाकी तांबं, निकेल आणि जस्त, आणि ती मिश्र धातू पापुद्रे सोडण्यात आधीच्या चांदीपेक्षा पुढं आहे.

चौथा, पंचम जॉर्जचा 1917 चा, वजन 11.19. याच्या कडेचा घास कुणीतरी खाल्ल्यासारखा गेलाय. इथं मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण फोटोत जे हवं तेच नाही. टाकसाळीत असा घास पडतो हे खरं. मैद्याच्या लाटीतून वाटीनं पुऱ्या पाडताना वाटी आधीच्या भोकावर चढली तर पुरीची चंद्रकोर निघते ना, तसंच पट्टीतून चकती कापताना होतं. मग ती अधुरी चकती कड उचलायच्या यंत्रात जाते. कड दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दाबून उचलली जाते, आणि जिथं एका बाजूला घास गेलाय तिथं समोरच्या बाजूला दाबच मिळत नाही. म्हणून खऱ्या दोषात घासाच्या बरोबर समोरची कड दुबळी, पुसट, कधी कधी बसलेली असते. हे लक्षण पुष्कळ वेळा मिळतं, नेहमीच नाही. पण मिळालं तर त्याची नक्कल करणं कुणाला सहज जमत नाही.

दुसरं, घासाशेजारची अक्षरं. चकती आधीच अधुरी असेल तर दाबाखाली चांदी त्या मोकळ्या बाजूला पळते, अक्षरांचे पाय त्या दिशेनं ताणले जातात आणि हळूहळू विरतात. नंतर कापलं असेल तर अक्षर धडधाकट येतं आणि कापाच्या रेषेवर पटकन संपतं. तिसरं, घासाची आतली भिंत. खऱ्या घासात ती अंतर्वक्र आणि दाब खाऊन जराशी फुगलेली असते, तिथं दाते नसतात कारण कॉलरपर्यंत चांदी पोचलेलीच नसते. कानशीच्या घासात आडव्या समांतर रेघा दिसतात, छिन्नीच्या घासात एका अंगाला धातूची जीभ लोंबते. रुपयाची कड तासून चांदी काढणं हा जुनाच उद्योग होता. कडेला दाते देण्यामागं तोही एक विचार आहे. नव्या रुपयाचं कायदेशीर वजन 11.66 ग्रॅम, एवढ्या झिजेचा 1917 चा रुपया साधारण साडेअकराच्या आसपास भरायला हवा, म्हणजे तुमच्याकडं तीन दशांश ग्रॅमभर चांदी खरोखरच कमी आहे. पण वजन फक्त इतकंच सांगतं की चांदी गेली. केव्हा गेली ते कड सांगेल.

1917 आणि 1918 चे रुपये आपल्याकडं इतके मिळतात त्याला कारण पहिलं महायुद्ध. मागणी एवढी वाढली की 1918 मध्ये अमेरिकेनं आपले चांदीचे डॉलर वितळवून ती चांदी इंग्रजांना विकली, इथल्या रुपयांसाठी. त्यामुळं नुसता साधा 1917 चा रुपया चांदीच्या भावानं जातो: 11.66 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी सुमारे 10.69 ग्रॅम. घास खरा निघाला तर त्याच्यावर, खोटा निघाला तर त्याच्याखाली.

चांदीची शंका असेल तर तेजाब (ॲसिड) लावू नका, त्याचा डाग कायमचा. 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. रुपया बारीक दोऱ्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्यानं रुपयाच्या कोरड्या वजनाला भागा. 1862 ते 1939 पर्यंतच्या, बारा भागांत अकरा भाग चांदी असलेल्या रुपयाला उत्तर 10.3 च्या आसपास यायला हवं. म्हणजे पूर्ण वजनाचा रुपया 1.13 दाखवेल. पितळेवर मुलामा असेल तर आकडा 1.35 च्या पुढं जातो. दोन रुपये अर्धे कापून जोडलेले 'दोन्हीकडं राजा' वगैरे प्रकारही यात सापडतात, कारण सांध्यात डाख किंवा पोकळी असते. असल्या रुपयाची खणखणही बसलेली असते. पण जुन्या चांगल्या रुपयाला वाजवून बघण्यासाठी फरशीवर आपटू नका, कड दबते.

आता पाचवा. 'अर्ध्याच अक्षरांचा, वेडावाकडा, दोन-तीन ठिकाणी टोचलेला.' हा कळदार नाहीच, हा हातानं ठोकलेला, कळदार येण्याआधीचा रुपया आहे. खालचा ठसा ऐरणीत, वर चांदीची गोटी, त्यावर वरचा ठसा आणि घणाचा एक ठोका. ठसा चकतीपेक्षा मोठाच कोरलेला असायचा, तेव्हा मजकुराचा जो भाग चकतीवर आला तो आला. अशा नाण्याचा मजकूर सरकलेला असणं, कड फाटलेली असणं, एका बाजूचा डोक्याचा भाग दुसऱ्या बाजूच्या पायाशी येणं हा त्या पद्धतीचा स्वभाव आहे, दोष नव्हे. 'ऑफ सेंटर एरर' म्हणून कुणी विकत असेल तर त्याला नाणं कळत नाही किंवा तुम्हाला कळू द्यायचं नाही. टोचे आणि छिन्नीचे घाव सराफांचे. आत तांबं नाही ना, हे पाहायला ते टोचत आणि पारखलं म्हणून चंद्रकोर, फूल, टिंब असली बारीक खूण मारत. खूण जिथं बसते त्याच्या पाठीला चांदी जरा सपाट होते किंवा फुगते, बघा, दिसेल. ती इजाच आहे, पण तो रुपया कुणाकुणाच्या हातांतून गेला त्याची नोंदही आहे. ती घासून घालवू नका.

याच रुपयाची मला सगळ्यात जास्त उत्सुकता आहे. आपल्या भागात मराठेशाहीत बादशहाच्या नावानंच रुपये पाडले जात. औरंगजेबानं बेळगावला आझमनगर नाव दिलं होतं, आणि 'आझमनगर गोकाक' असं टाकसाळीचं नाव असलेले मराठी अंमलातले रुपये माहीत आहेत, बागलकोटचेही आहेत. तुमचा यांपैकीच आहे असं मी म्हणत नाही, पण निपाणीच्या पेटीत तो असायला हरकत नाही. टाकसाळीचं नाव फारसीत असतं, आणि 'जुलूस' हा शब्द असलेल्या बाजूला.

तेवढ्यासाठी काही धुऊ नका. रिठा नको, चिंच नको, भांड्यांची पावडर तर अजिबात नको. काळपट थरात अक्षरांच्या कडा जास्त स्पष्ट दिसतात आणि झीज नि घाव यांचं वय ओळखायला तोच थर कामी येतो. माती घट्ट बसली असेल तर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा आणि सुती कापडावर टिपून वाळवा, चोळू नका. पेटीतल्या नाण्यांचा प्रश्न नाही, पण वाड्याची भिंत पाडताना किंवा शेतात पुरलेलं काही सापडलं असेल तर निखात निधी कायद्यानं, म्हणजे पुरलेल्या धनाच्या कायद्यानं, तो ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो.

मला एवढं पाठवा: 1917 च्या रुपयाची कड चार बाजूंनी, घासाच्या समोरची बाजू ठळक दिसेल अशी, आणि घासाची आतली भिंत भिंगातून. हाती ठोकलेल्या रुपयाचं वजन पुन्हा एकदा दोन दशांशांपर्यंत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन-दोन फोटो, एक डावीकडून उजेड देऊन आणि एक वरून. रुपया फिरवू नका, उजेड फिरवा, म्हणजे मला अक्षरं एकमेकांवर ठेवून वाचता येतील.